नगरसेवकाचा पेपर आणि पालिकेची जाहिरात

वर एकांनी लिहिलंय, पेपरचा मालक नगरसेवक झाला की पालिकेच्या जाहिराती बंद कराव्या लागतात, नाहीतर पद जातं. तसं नाही. महापालिकेशी कंत्राटात हितसंबंध असला तर अपात्रता येते, हे बरोबर. पण १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम १० मध्येच सूट आहे: पालिकेची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात हिस्सा आहे, एवढ्याच कारणाने कुणी अपात्र ठरत नाही. म्हणजे निविदा सूचना छापा आणि सभागृहातही बसा, कायदा आडवा येत नाही. शोभतं का, ते वेगळं. मला विचाराल तर नाही.

मराठवाड्यातल्या एका साप्ताहिकात मी प्रुफं तपासायचो. मालक पुढे नगरसेवक झाले. वाटलं होतं, आता थकलेली बिलं पटापट निघतील. उलट विरोधी गटाने फाईल अशी धरली की कंपोझिटरचा पगारही लांबला! त्यात भर म्हणजे वॉर्डातले लोक नळाच्या तक्रारी घेऊन थेट छापखान्यात यायचे. आणि मालक एरवी दुसऱ्या वॉर्डांतल्या गटारांवर झणझणीत अग्रलेख लिहायचे. स्वतःच्या वॉर्डातलं गटार मात्र पाचव्या पानावर, खाली, तेही जागा उरली तर.