नायकाचं बालपण किती सांगायचं?

हरिपूरची
कादंबरी लिहितेय. नायक सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, वय चाळीस. वडील तिथंच हमाल होते. त्यांनी पोरावर कधी हात उगारला नाही, पण अबोला धरला की आठ-आठ दिवस. आता बायको जरा गप्प बसली तरी हा कासावीस होतो, न केलेल्या चुकीची माफी मागतो. बालपणावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. ते ठेवलं की माणूस पुस्तकामागच्या उत्तरासारखा सोपा होतो, काढलं की नुसता भित्रा वाटतो. काय करू?

वाचनवेडा_मिरज
ताई, सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) पुन्हा काढा. रूप उतरेल या भीतीनं आईनं आपल्याला अंगावर पाजलं नाही, हे ययातीला लहानपणीच कळतं. पण हे सांगतो तो स्वतःच. पुढं देवयानी, शर्मिष्ठाही आपापली बाजू मांडतात. त्यामुळं त्याची जखम खरी मानायची आणि तरी त्याला माफ करायचं का, हे वाचकावर येतं. तुमच्या नायकाचं बालपण दुसऱ्या कुणाच्या तोंडून येऊ द्या.

साताऱ्याची_बाई
मी साताऱ्यात शाळेत समुपदेशन करते. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परत यायची. काही बाळं जणू काही घडलंच नाही अशी खेळत राहायची. पुढं अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले! म्हणून म्हणते, नायकाला दरवेळी कासावीस दाखवू नका. बायको गप्प आहे आणि हा शांतपणे वहीतली बेरीज तिसऱ्यांदा करतोय, एवढं पुरे.

आणि वडिलांकडं नीट बघा हो. दिवसभर पोती वाहून आलेला माणूस रागानं गप्प होता की थकव्यानं? पोराला हा फरक कुणी सांगितलाच नसेल, तर तुमची कादंबरी तिथं आहे. माझ्यासमोर बसणारी कितीतरी मुलं घरच्या थकव्याला स्वतःचा गुन्हा समजतात.

हरिपूरची
थकव्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. प्रकरण मोडते आणि नायकाला बहीण देते. तिच्या आठवणीतले वडील अबोल नसतीलच. थोरली ठेवू की धाकटी? थोरलीनं त्यांची पाठ दुखायला लागण्याआधीचे दिवस पाहिलेले असतील.

साताऱ्याची_बाई
थोरली. आणि तिला भावाचा थोडा राग येऊ द्या.