म्युनिकला मुलांसकट येताय? आधी शाळा ठरवा, घर मग. आणि इंटरनॅशनल शाळा नकोच!

गोदाकाठ

माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची हिंजवडीहून म्युनिकला बदली झालीय. जानेवारीत चौघं येतायत. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी साडेचारची. पहिली दोन वर्षं इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी भरणार आहे. तिने मला विचारलं, घर कुठल्या भागात बघू? मी म्हटलं, घराचं राहू दे, आधी शाळेचं बोल. त्यावरून परवा आमच्याकडे जेवायला आलेल्या चार कुटुंबांत एवढा वाद झाला की ताटातलं वरण गार झालं. म्हणून या फोरमवर मांडते.

माझं मत असं: इथे राहायच्या इराद्याने येत असाल तर मुलांना घराजवळच्या सरकारी जर्मन शाळेत घाला, पहिल्या दिवसापासून. इंटरनॅशनल शाळेची फी एका मुलामागे वर्षाला वीस हजार युरोंच्या आसपास, पुष्कळदा त्याहून जास्त असते. कंपनी भरते तोवर ती जाणवत नाही. मग करार संपतो, तुम्हाला इथल्या पगारावर घेतात आणि फी तुमच्या अंगावर येते. तोवर मुलगा बारा वर्षांचा होतो. जर्मन येत नाही, मित्र शहरभर विखुरलेले, आणि त्या वयात त्याला सरकारी शाळेत टाकायचं? हे मी दोन घरांत जवळून बघितलंय. दोन्ही घरं शेवटी परत गेली.

घराचं म्हणाल, तर इथे प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. प्रत्येक ग्रुंडशूलची हद्द असते, तिला श्प्रेंगल म्हणतात. रस्ता ओलांडला की शाळा बदलते. त्यामुळे नवऱ्याच्या ऑफिसपासून किती मिनिटं हा प्रश्न शेवटी विचारायचा. माझा आणखी एक आग्रह आहे, तो बऱ्याच जणांना पटत नाही. आपली कुटुंबं दाटीने राहतात तिथे पहिलं घर घेऊ नका. मुलं खाली खेळायला जातात, हिंदी-इंग्रजीत खेळतात आणि जर्मन वर्गातच राहते. आम्ही पूर्वेला हार गावात एस-बान म्हणजे लोकल ट्रेनच्या स्टेशनजवळ घर घेतलं. तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. चार महिने बालवाडीत तिने तोंड उघडलं नाही, मी रोज रात्री रडायचे. पाचव्या महिन्यात बसमध्ये शेजारच्या आजींना म्हणाली, तुमची पिशवी पडली. जर्मनमध्ये. आता ती तेरा वर्षांची आहे, गिम्नाझिउमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत आहे. घरी मराठी बोलते, तिच्या आजीशी नाशिकला फोनवर भांडतेसुद्धा.

घाटमाथा

ताई, तुमची मुलगी पाचव्या वर्षी आली. सगळा फरक तिथेच आहे, आणि तोच तुम्ही एका ओळीत उरकलात.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आलो. फेब्रुवारीत तिसरीच्या वर्गात बसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात एक दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझिउम, २.६६ पर्यंत रेआलशूल (दहावीपर्यंतची मधली शाळा), त्यापुढे मिटेलशूल (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी, सगळ्यात खालची मानली जाणारी). दहा वर्षांच्या मुलाची वाट इथे ठरते. माझ्या मुलाला गणितात २, जर्मन ४, परिसर अभ्यास ४. ते गणितातले २ सुद्धा शाब्दिक उदाहरणांमुळे, नाहीतर १ होते. परिसर अभ्यासात पाण्याचं चक्र त्याला पाठ होतं, कराडच्या शाळेत त्याने त्याचं मॉडेल केलं होतं. पण 'बाष्पीभवन'ला जर्मन शब्द येईना.

कराडला वर्गात पहिला येणारा पोरगा मला विचारायचा, बाबा, मी ढ झालोय का? हे वाक्य मी विसरू शकत नाही. मिटेलशूलला गेला, सातवीपासून वरच्या तुकडीत, दहावीची परीक्षा दिली, आता फाखओबरशूलला, म्हणजे दहावीनंतरच्या व्यावसायिक वळणाच्या शाळेत, अकरावीत आहे. वाट मिळाली, ती बंद नव्हती हे मान्य. पण दहा ते चौदा ही चार वर्षं त्याने मान खाली घालून काढली. माझ्या कंपनीने तेव्हा फी दिली असती तर मी डोळे झाकून इंटरनॅशनलला घातलं असतं. तुमच्या मैत्रिणीला तो पर्याय आहे. तो हिसकावून घेऊ नका.

अबोली

मी सहा वर्षं एका होर्टमध्ये काम करते, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं जिथे जेवतात, गृहपाठ करतात तिथे. घाटमाथा, तुमचं वाचून मला फार वाईट वाटलं. कारण तुमच्या मुलाची सरासरी बरोबर ३.३३ येते.

ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जो पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हता, त्याच्यासाठी बायर्नच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. गुण कमी पडण्याचं कारण भाषा असेल आणि ती उणीव भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर ३.३३ पर्यंत सरासरी असूनही पुढच्या शाळेसाठी पात्र ठरवता येतं. हा हक्क म्हणून आपोआप मिळत नाही, शिक्षकांचं मत लागतं. शिवाय तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, प्रोबेउंटरिश्ट. जर्मन आणि गणितात ३ आणि ४ मिळाले तरी प्रवेश होतो. दोन्हीत ४ आले तर निर्णय पालकांच्या हातात.

आपले पालक शिक्षकांना भेटायला वर्षातून एकदा जातात आणि मान डोलावून परत येतात. पुण्यात शाळा काय सांगेल ते ऐकायची सवय. इथे विचारावं लागतं, तेही चौथीच्या सुरुवातीलाच, मे महिन्यात नाही.

घाटमाथा

आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणि विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. पालकसभेला मी दोनदा गेलो, एकदा दुभाष्या म्हणून शेजारच्या तुर्की बाईंना घेऊन. त्यांनाही हा नियम माहीत नव्हता.

तुम्ही चांगल्या मनाने सांगितलंत. पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. भाषा न येणाऱ्या आईबापांना जे नियम शोधावे लागतात, त्यांच्या भरवशावर नऊ वर्षांचं मूल सोडायचं?

तीन_वर्षांचा_करार

या सगळ्यात परतीचा विचार कोणीच करत नाहीये. आम्ही तीन वर्षांच्या करारावर आलो, ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी बाणेरला परत. मुलगी आठवीत आहे, इंटरनॅशनललाच घातली आणि अजिबात पश्चात्ताप नाही. जर्मन शाळेत घातली असती तर तिकडे नववीत बसवताना भौतिकशास्त्र, इतिहास सगळं जर्मनमध्ये शिकून आलेली मुलगी इंग्रजीत पेपर कसा लिहिणार? वर महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. त्याची तयारी मी आत्तापासून घरी करून घेते, रोज अर्धा तास. तिसरी भाषा नव्याने शिकायला लागली असती तर त्या अर्ध्या तासाला वेळ कुठून आणला असता?

गोदाकाठ, 'राहायच्या इराद्याने' हे तुम्ही लिहिलंत, पण निम्मी कुटुंबं इरादा नसताना येतात. त्यांना जर्मन शाळेचा आग्रह करणं बरोबर नाही.

गोदाकाठ

तीन वर्षं नक्की असतील तर तुमचं शंभर टक्के बरोबर. माझा रोख 'बघू, जमलं तर राहू' म्हणणाऱ्यांवर आहे. बहुतेक त्यातलेच असतात, आम्हीही होतो. 'बघू' म्हणत दोन वर्षं जातात आणि मुलाचं नुकसान त्या दोन वर्षांतच होतं. इंटरनॅशनलमधून आयबी (त्या शाळांची बारावी) केलं तर जर्मन विद्यापीठात जाता येतं, पण विषयांची निवड इथल्या अटींत बसावी लागते, आणि ते अकरावीतच बघावं लागतं. इकडचं अबिटूर, म्हणजे गिम्नाझिउमची शेवटची परीक्षा, असेल तर तो प्रश्नच नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक विद्यार्थ्यांना एका सत्राला २,००० ते ६,००० युरो फी लावली. इथलं अबिटूर झालेल्या मुलांना ती माफ आहे.

घाटमाथा, तुमच्या मुलाचं वाचून मी दोनदा फोन खाली ठेवला. माझी मुलगी पाचची होती हे मी खरंच उरकून टाकलं. नऊ वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं आहे, मान्य.

किनारा

शाळेचं तुमचं चालू द्या. मला वस्तीबद्दल बोलायचंय, आणि गोदाकाठ, इथे मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे.

'आपल्या लोकांत घर घेऊ नका' हा सल्ला मलाही मिळाला होता. आम्ही अर्डिंगच्या पलीकडे एका गावात घर घेतलं. स्वस्त, मोठं, अंगणात सफरचंदाचं झाड. दुपारनंतर तासाला एक बस. पहिल्या नोव्हेंबरमध्ये नवरा टूरवर आणि धाकट्याला १०४ ताप. साडेचारला अंधार. डॉक्टरांच्या फोनवर जर्मन रेकॉर्डिंग चालू, मला त्यातलं एक वाक्य कळेना. मोठीला जॅकेट घातलं आणि दोघांना घेऊन बसस्टॉपवर चाळीस मिनिटं उभी राहिले. शेजारी वाईट नव्हते, पण मी दार वाजवू शकले नाही. भाषाच नव्हती तर काय सांगणार होते?

पुढच्या मार्चमध्ये आम्ही गार्शिंगला आलो. यू-६ मेट्रोवर, घर अर्ध्या आकाराचं, भाडं तिनशे युरो जास्त. पण चालत जाण्याच्या अंतरावर तीन मराठी घरं. एकीने मला बालरोगतज्ज्ञ शोधून दिला, दुसरीने जर्मनच्या क्लासला ओढून नेलं. माझी जर्मनची बी-१ (मधली) पातळी झाली ती त्या बायकांमुळे. आणि मुलांचं जर्मन? दोघांचंही उत्तम आहे, कारण शाळेत चोवीसपैकी बावीस मुलं त्यांच्याशी जर्मनच बोलतात.

मुलाच्या भाषेचा हिशोब सगळे करतात. नोकरी सोडून आलेल्या आईचा दिवस कसा जाणार, याचा कोणी करत नाही. वस्ती निवडताना तो पहिला हिशोब असला पाहिजे.

मुळामुठा_ते_श्प्रे

म्युनिकच हवं का हेही विचारा. आम्ही बर्लिनला आहोत. इथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला दोन वर्षं जास्त मिळतात. बर्लिनमध्ये सरकारी, बिनफीच्या द्विभाषिक शाळाही आहेत, काहींत इंग्रजी-जर्मन. जागा कमी आणि अर्ज खूप, पण पर्याय आहे. बदली कुठे मागायची हे हातात असेल तर राज्य बघून मागा, कारण शाळा हा राज्याचा विषय आहे.

निघायच्या_तयारीत

ती मैत्रीण मीच. सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. तो म्हणतो दहा वर्षं राहू. मी काहीच म्हणू शकत नाही. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, पंधरा डिसेंबरला शेवटचा दिवस. किनारा, तुमचं वाचून पोटात खड्डा पडला, पण बरं झालं लिहिलंत.

मुलगा इथे चौथीत आहे. कंपनी दोन महिन्यांसाठी शहरात फर्निश्ड फ्लॅट देणार, मग आम्ही घर शोधायचं. त्याला सरकारी शाळेत घालायचं तर नक्की काय मागायचं?

अबोली

दोन गोष्टी, आणि पहिली तातडीची. त्या फर्निश्ड फ्लॅटच्या पत्त्यावर नोंदणी झाली की त्या हद्दीतली शाळा मिळणार, आणि दोन महिन्यांनी घर बदललं की शाळाही बदलणार. भाषा न येणाऱ्या मुलाला तीन महिन्यांत दोन शाळा देऊ नका. जमत असेल तर नवऱ्याने जानेवारीत एकट्याने यावं, कायमचं घर मिळवावं, आणि तुम्ही मुलांना घेऊन इस्टरच्या सुमारास या. म्युनिकमध्ये घर मिळायला वेळ लागतो आणि कितीतरी घरांत स्वयंपाकघरच नसतं, ओटा-कपाटं आपण आणायची. तोही वेळ धरा.

दुसरी. मुलाला चौथीत बसवू नका. मुख्याध्यापकांना भेटून भाषेच्या कारणाने तिसरीत मागा. चौथीत बसला तर मे महिन्याचा दाखला काही महिन्यांवर येतो, त्याला काही अर्थ नाही. तिसरीत बसला तर वर्ष हातात राहतं. नवीन आलेल्या मुलांसाठी जर्मनचे वेगळे वर्ग असतात, पण ते प्रत्येक शाळेत नसतात. घर घेण्याआधी त्या श्प्रेंगलच्या शाळेला फोन करून एवढं एक विचारा.

धाकटीचा जन्म जुलै-ऑगस्टचा असणार. जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना सहाव्या वर्षी शाळेत घालायचं की एक वर्ष थांबायचं, हे बायर्नमध्ये पालक ठरवतात. तिला थांबवा. शाळा सुरू व्हायच्या दीड वर्ष आधी भाषाचाचणी होते आणि गरज असलेल्या मुलांना २४० तासांचा जर्मन वर्ग मिळतो. थांबलात तर तिला तो पुरता मिळेल. बालवाडीचा अर्ज मात्र पत्ता मिळाला त्याच दिवशी करा.

गोदाकाठ

वस्तीचं मी मागे घेते. गार्शिंग बघ, उंटरफ्योरिंग बघ, इस्मानिंग बघ. किनाराशी फोनवर बोल. शाळेचं मात्र मी सोडत नाही. तिसरीत मिळत असेल तर सरकारीच.

घाटमाथा

आणि मी म्हणतो, तिसरी मिळाली नाही तर कंपनीची फी घ्या. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी जर्मनचा क्लास लावा आणि गावातल्या फुटबॉल क्लबात नाव घाला, म्हणजे सरकारी शाळेत जायची वेळ आली तर तो मुका नसेल.

मुलाला हा धागा दाखवला. म्हणाला, तो आला की मला सांगा, मी शनिवारी त्याच्याबरोबर गणित करीन, मराठीत. आम्ही मोझाखला राहतो. पत्ता ठरला की कळवा.