अनुभव धागा : डिकीतली हत्यारं, तीन हजारांच्या आत

धागाकर्ता

इंदूरहून धुळ्याकडे जा, खंडव्याकडे जा नाहीतर जामगेटवरून महेश्वरला उतरा, कुठला ना कुठला घाट लागतोच. कंपनी गाडीबरोबर जॅक, त्याचा दांडा, व्हील पाना आणि टोइंगचा हुक देते, बस. त्यात स्वस्तात काय भर घालावी यासाठी हा धागा. फजितीच्या गोष्टी इथे नकोत. माप कोणतं, नग किती, वापरायचं कसं आणि बिघडतं कुठे, तेवढं लिहा.

सियागंजकर

आधी एक सांगतो भिया, ४६ नगांचा तो चमकदार डबा घेऊ नका. त्यातला रॅचेट (न काढता पुढे-मागे करत फिरवायचा दांडा) पाव इंची ड्राइव्हचा, म्हणजे गोटी बसते तो चौकोनी खुंटा पाव इंचाचा असतो आणि गोट्या (नटावर बसणारे सॉकेट) ४ ते १४ मिमीच्या. चाकाचा नट बहुधा असतो १९ किंवा २१ चा. म्हणजे ज्या कामासाठी माणूस रस्त्यात सर्वांत जास्त अडतो, तेच त्या डब्यानं होत नाही. शिवाय जोर दिला की रॅचेटच्या आतले दात सटकतात.

सुटे पाने घ्या. कॉम्बिनेशन प्रकारचे, म्हणजे एक तोंड उघडं आणि दुसरं रिंगचं. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा असेल तर ८, १०, १२, १४, १७. टाटा, महिंद्राला १३ हवाच. युरोपीय बनावटीच्या गाडीत १३, १६ आणि चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बोल्ट निघतात, त्यासाठी टी२०, टी२५, टी३०. १० चे दोन घ्या. बॅटरीचे टर्मिनल, एअर फिल्टरचा डबा, आतली बरीचशी ब्रॅकेटं १० चीच असतात आणि इंजिनच्या फटीत पडून गायब होतो तोही हाच पाना.

त्याबरोबर ८ इंची पक्कड, १० इंची वॉटर पंप प्लायर (होज म्हणजे इंजिनच्या पाण्याची रबरी नळी, तिच्यावरचा स्प्रिंगचा क्लॅम्प दाबायला तोच लागतो) आणि दोन्ही तोंडांचा उलटसुलट होणारा स्क्रू ड्रायव्हर. नाशिकच्या टपारियाचा माल असला तरी पाच-सहा पाने, पक्कड, प्लायर, ड्रायव्हर मिळून बारा-पंधराशेच्या आसपास बसतं. बिनब्रँडचा पाना घेताना नट बरोबर न्या आणि बसवून हलवून बघा. तोंड डुलत असेल तर ठेवून द्या, तो पाना नटाचे कोपरे गोल करणार.

घाटवाट

व्हील पान्याबद्दल. चाकाचे नट साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. कंपनीचा पाना जेमतेम २५ सेंमी लांब. १०० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकावर ४० किलोचा भार लागतो. पंक्चरवाला हवेच्या गननं आवळतो तेव्हा नट याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. मग माणूस पान्यावर उभा राहून उड्या मारतो, पाना निसटतो आणि गुडघा फुटतो.

अर्धा इंची ड्राइव्हची १८ इंची ब्रेकर बार (रॅचेट नसलेला लांब दांडा) आणि आपल्या मापाची एक लांब गोटी घ्या. तोच नट २२ किलोच्या आसपास सुटतो. गोटी सहा कोनीच हवी. बारा कोनी गोटी फक्त कोपऱ्यांवर पकडते, गंजलेल्या नटावर घसरते. अलॉय व्हील असेल तर गोटीची भिंत जाड नाही ना हे दुकानातच, आपल्या चाकात घालून बघा. लॉकिंग नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून खास किल्लीनंच फिरणारे) असतील तर त्यांची किल्ली कुठे ठेवलीय हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

टायरच्या दुकानातून आल्यावर एकदा घरीच पाचही (किंवा चारही) नट हातानं सैल करून पुन्हा आवळून ठेवा. चांदणीच्या क्रमानं, एक सोडून समोरचा.

माळवी

जॅकला एक जोड लागते ती फळीची. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात जॅक गिळते. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो आणि तिरका होतो. १८ मिमी प्लायवुडचा एक फूट बाय एक फूट तुकडा सुताराकडे पडलेला असतो, बहुधा फुकट मिळेल. दोन लाकडी पाचरी पण मागून घ्या.

क्रम असा. हँडब्रेक, पहिला गिअर (ऑटोमॅटिक असेल तर पी), कर्णात समोर येणाऱ्या चाकाला पाचर. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल. मग जॅक, दाराखालच्या पट्टीत जिथे दोन खाचा दिसतात त्यांच्या मध्ये. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसते, ब्रेक डिस्कवर नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, हत्यार पडलं असेल तरी काठीनं ओढा.

महूवाली

स्टेपनीत हवा आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून विचारते. इतर चाकांपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवावी, झिरपते. आणि स्टेपनी बारीक दिली असेल तर ताशी ८० च्या वर जायचं नाही, तिच्यावरच लिहिलेलं असतं.

२०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. नवी गाडी असेल त्यांनी डिकीची फरशी एकदा उचलून बघा. खाली चाकाऐवजी सीलंटची बाटली निघाली तर तिच्यावरची मुदत वाचा.

गोटीपाना

ट्यूबलेस पंक्चरचं किट दीड-दोनशेपासून मिळतं. इंग्रजी टी आकाराच्या मुठीचं घ्या, स्क्रू ड्रायव्हरसारख्या सरळ मुठीवर तळहात फाटतो.

खिळा दिसला की लगेच उपटू नका. जवळपास दुकान असेल आणि हवा हळू जात असेल तर खिळा हाच बूच असतो. स्वतः करायचंच तर आधी चाकात हवा असू द्या, मऊ टायरमध्ये सुई शिरत नाही. खिळा कोणत्या कोनात गेलाय ते बघून पकडीनं ओढा, त्याच कोनात कानस सुई घड्याळाच्या दिशेनं फिरवत आत-बाहेर करा. चार-पाच वेळा पुरे, जास्त घासलं तर भोक मोठं होतं. चिकट पट्टी सुईच्या नेढ्यात मधोमध ओवा, तिला सोल्युशन लावा, दोन्ही टोकं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई न फिरवता झटक्यात सरळ बाहेर ओढा. फिरवली की पट्टी बाहेर येते. उरलेलं टोक तीन-चार मिमी ठेवून कापा, हवा भरा, थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर हे चालत नाही. ती सतत वाकते, पट्टी धरत नाही, टायर फुटू शकतो. ६ मिमीपेक्षा मोठं भोक असेल तरी स्टेपनीच. पट्टी भरलेला टायर शहरात पोचल्यावर आतून पॅच करून घ्या.

विजेरी

साधा डीटी-८३० जातीचा मल्टिमीटर दोन-तीनशेत येतो. किटमधली सर्वांत हुशार वस्तू तीच, पण कोणी घेत नाही. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन बंद, गाडी तासभर उभी असेल तर १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे संपलेली. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली आली तर बॅटरी गेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) ठीक. १२.३ वरून आणखी खाली उतरत असेल तर धक्का मारून चालू केलेली गाडीही पुढे बंद पडणार, एसी आणि म्युझिक बंद करून सरळ गावाकडे. (स्मार्ट हायब्रिडसारख्या गाड्यांत चार्जिंगचा आकडा मुद्दाम वरखाली होतो, तिथे एका वाचनावर निकाल देऊ नका.) मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात ठेवून बॅटरीला टेकवाल तर सरळ शॉर्ट होईल. पिन कुठे आहे ते दर वेळी बघा.

फ्यूज : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. प्रत्येकी दोन. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो असे आकार वेगळे असतात, तेव्हा आपला एक काढून दुकानात न्या. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे महाभाग अजून भेटतात. त्यानं फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

जंपर केबलवर ५०० अँपिअर लिहिलेलं असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. हात लावला की गरम. त्यापेक्षा तांब्याची वेल्डिंग केबल मीटरवर घ्या. पेट्रोलला १६ चौरस मिमी, डिझेलला २५, अडीच मीटरचे दोन तुकडे आणि चार जाड चिमटे. जोडताना लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्याच्या प्लसला. काळी चांगल्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी तिथेच पडते. काढताना उलटा क्रम.

सियागंजकर

@विजेरी, केबलच्या तांब्यातच बजेट उडेल. दोन गाड्यांच्या घरात ठीक, नाहीतर ते पैसे पायानं मारायच्या पंपावर घाला.

विजेरी

मान्य. मीटर आणि फ्यूज मात्र सोडू नका. पंपाचं म्हणाल तर स्वस्त १२ व्होल्टचा कंप्रेसर १० ते १५ अँपिअर ओढतो आणि सॉकेटचा फ्यूज बहुधा १५ चाच. इंजिन चालू ठेवा, दहा मिनिटांनी थांबवून गार होऊ द्या.

घाटवाट

भेरूघाट आणि उन्हाळा. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात, आणि जागा मिळताच थांबा. कूलंट सांडत असेल तर इंजिन लगेच बंद. रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता का, ते आठवा. तसं असेल तर आधी फ्यूज बघा, मग त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले (फ्यूजच्या डब्यातला चौकोनी विजेचा स्विच) काढून पंख्याच्या जागी लावून बघा.

होज बहुतेक वेळा क्लॅम्पच्या तोंडाशीच चिरतो. लांबीत ढील असेल तर तेवढे दोन सेंटीमीटर कापून पुन्हा चढवा. यासाठी किटमध्ये पेचाचे दोन मोठे, दोन लहान क्लॅम्प आणि कटर. मधे चिरला असेल तर आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप : होज कोरडा पुसून, टेप दुप्पट ताणून, अर्ध्यावर अर्धा वेढा. इन्सुलेशन टेप इथे कुचकामी, गरम कूलंटनं सुटते. दोन लिटर पाणी कायम डिकीत. साधं पाणी घातलं तर घरी पोचल्यावर ते काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या.

महूवाली

सीएनजीवाल्यांनी गॅसच्या पाइपच्या नटाला पाना लावायचा नाही. आत २०० बारचा दाब असतो. वास आला तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा नंबर लावा.

माळवी

राहिलेलं सामान : डोक्याला बांधायचा टॉर्च (दोन्ही हात मोकळे), रबरी हातमोजे, अंगाखाली घालायला जुना फ्लेक्स बॅनर, ३०० मिमीच्या दहा झिप टाय, दोन मीटर बांधायची तार. लोंबणारा बंपर किंवा मडगार्डचं प्लास्टिक तारेनंच घरी येतं, सायलेन्सरला झिप टाय लावू नका, वितळते. परावर्तक त्रिकोण गाडीमागे निदान ५० मीटर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.

हे सगळं कॅनव्हासच्या पिशवीत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, स्टेपनीच्या खोबणीत. प्लास्टिकचा डबा खडखडतो. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब न उघडताही वाळते, दिवाळीत गाडी धुता तेव्हा ती दाबून बघा, कडक लागली तर तीस-चाळीस रुपयांत नवी मिळते.