चर्चा: पुण्यात नव्याने राहायला आलेल्याने जेवणाची ठिकाणे ॲपवर शोधावीत की पायी फिरून?

खराडीकर (धागाकर्ता)

नोकरीनिमित्त अमरावतीहून पुण्यात येऊन मला चौदा महिने झाले. खराडीत भाड्याच्या घरात एकटाच राहतो. पहिले दोन महिने रात्रीचे जेवण ॲपवरूनच मागवत होतो आणि रोज नवे नाव निवडत असल्यामुळे आपण शहर ओळखू लागलो आहोत, अशी माझी समजूत झाली होती. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. एका रविवारी घर आवरताना आठवड्याभराची बिले हाती लागली, तेव्हा घरगुती थाळी, पराठे आणि चायनीज अशी तीन वेगवेगळी नावे असलेल्या तीन बिलांवर एकच क्रमांक दिसला. म्हणजे तिन्ही जेवणे एकाच भटारखान्यातून आली होती. त्यात बेकायदेशीर काही नाही, परंतु जी निवड मी तीनदा केली असे मला वाटत होते, ती मुळात केलीच नव्हती.

त्यानंतर मी पायी फिरू लागलो. चंदननगरच्या भाजीबाजारात एकदा सवयीने 'दहा रुपयांचा सांबार द्या' असे म्हणून गेलो. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाले काका क्षणभर थांबून म्हणाले, 'त्या खानावळीच्या मावशीही सांबारच म्हणतात.' त्यांनी दाखवलेल्या गल्लीत चार टेबलांची एक खानावळ निघाली. तिथे गुरुवारी पाटवडीचा रस्सा असतो. मावशी शिजवलेले बेसन तेल लावलेल्या परातीत थापतात, वरून खोबरे आणि कोथिंबीर पेरतात, सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडतात आणि गिऱ्हाईक बसल्यावरच त्या रश्श्यात सोडतात, कारण आधी सोडल्या तर विरघळून रस्सा पिठूळ होतो. डब्यातून अर्ध्या तासाने घरी पोचणारी पाटवडी तशी लागूच शकत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की, नव्याने आलेल्या माणसाने पहिले सहा महिने ॲप बंद ठेवावे, घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातच खावे आणि भाजीवाले, इस्त्रीवाले, किराणा दुकानदार यांना विचारावे. पुण्यातील खाण्याच्या प्रसिद्ध याद्यांचाही मला उपयोग झाला नाही. त्यांतील बहुतेक नावे पेठांतील, डेक्कनवरील किंवा कॅम्पातील असतात. ती ठिकाणे एकदा पाहून येण्याची आहेत, खराडीत राहणाऱ्याने रोज जेवण्याची नव्हेत. खानावळीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चार टेबलांना गर्दी पेलणार नाही.

वाकडची रात्रपाळी

आपला अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला नियम मला मान्य नाही. मी मूळची लातूरची असून हिंजवडीत रात्रपाळी करते. माझा दिवस दुपारी एकला सुरू होतो. तोवर पेठांतील मिसळीची बरीच जुनी दुकाने आवरत आलेली असतात, आणि मी जेवायच्या वेळी रस्त्यावर विचारायला कोणी नसते. आपण संध्याकाळी अनोळखी गल्लीत शिरून अर्धे शटर ओढलेल्या दुकानात डोकावू शकता. एकट्या स्त्रीला तसे करताना आत कोण बसले आहे, परत जाताना रस्त्यावर दिवे असतील का, हात धुण्याची जागा आणि स्वच्छतागृह कसे आहे, हे सगळे आधी ठाऊक असावे लागते. ती माहिती मला कोणत्याही इस्त्रीवाल्याने दिलेली नाही. ती माझ्याआधी तिथे जेवून आलेल्या बायकांनी लिहिलेल्या अभिप्रायांतून मिळाली.

शेजाऱ्यांना विचारावे, असे म्हणणेही सोपे आहे. आमच्या इमारतीत माझ्या मजल्यावरील चारही घरे भाड्याची आहेत आणि चौघींपैकी सर्वांत जुनी भाडेकरू मीच आहे. आम्ही एकमेकींना विचारून काय कळणार?

वाकडमध्ये मी ज्या मेसमध्ये जेवते, ती मला नकाशावरील एका साध्या अभिप्रायातून सापडली. त्यात चवीबद्दल एकच वाक्य होते. बाकी सगळा मजकूर रात्री किती वाजेपर्यंत पोळी गरम मिळते, खाडे धरतात की नाही आणि रविवारी संध्याकाळी बंद असते, याबद्दल होता. महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या व्यक्तीला चवीइतकाच खाड्यांचा नियम महत्त्वाचा असतो, हे लिहिणारीला माहीत होते. असा अभिप्राय लिहिणारी अनोळखी स्त्री आणि आपले भाजीवाले काका यांत मला गुणात्मक फरक दिसत नाही.

सदाशिव पेठ

धागाकर्त्यांच्या एका विधानाला मला सविस्तर उत्तर द्यायचे आहे. जुनी प्रसिद्ध ठिकाणे एकदा पाहून येण्याची आहेत, हे वाक्य वाचून वाईट वाटले. ही ठिकाणे कोणी काढली आणि कोणासाठी काढली, याचा विचार त्या वाक्यात नाही.

टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंग १९३२ मधले आहे. नावातच बोर्डिंग आहे, कारण घरापासून दूर शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला दोन वेळचे जेवण मिळावे, ही ती गरज होती. लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातील चित्रपट निर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केले. त्याच वर्षी डेक्कनवर इराणी मंडळींचे गुडलक उभे राहिले. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशाली आणि रूपाली नावारूपाला आणणारे जगन्नाथ शेट्टी दक्षिणेकडून आले. पितळी पातेल्यात आले आणि वेलदोडा घालून उकळणारा अमृततुल्य चहा पुणेकरांच्या अंगवळणी पाडला, तो प्रामुख्याने राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी. कॅम्पातील दोराबजी तर १८७८ पासून आहे. म्हणजे ज्यांना आपण आज पुण्याची ओळख म्हणतो, त्यांतील कितीतरी ठिकाणे बाहेरून आलेल्यांनी काढली किंवा बाहेरून आलेल्यांसाठी काढली. तुमच्या चंदननगरच्या मावशींची खानावळ त्याच रांगेतली आहे. फरक असलाच, तर वयाचा.

माझे वडील १९५८ मध्ये साताऱ्याहून आले, तेव्हा त्यांनी खोली घेण्याआधी खानावळ ठरवली होती. खानावळीच्या मालकांनीच त्यांना खोली पाहून दिली, आणि पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे जुलै १९६१ मध्ये, वडिलांचा पत्ता गावाकडच्या माणसांना त्याच खानावळीत मिळाला. नवे ठिकाण सापडणे ही गोष्ट एका जेवणाची नसते. आठ महिने त्याच पाटावर बसल्यावर वाढणाऱ्याला तुमची भाकरी किती, आमटी तिखट हवी की बेताची, हे कळते. पायी फिरून शोधा किंवा यंत्रावर शोधा, पण रोज नवे शोधण्याचा सोस असेल तर दोन्हींतून हाती काही लागणार नाही. आणि मिसळीच्या दुकानात पहिल्यांदा गेलात, तर 'तर्री' न म्हणता 'सँपल' मागा, म्हणजे काम लवकर होईल.

कर्वेनगरची पोळीभाजी

मी गेली सहा वर्षे पोळीभाजी केंद्र आणि त्याला जोडून सहा टेबलांचे छोटे उपाहारगृह चालवते, म्हणून या चर्चेत गल्ल्याच्या मागच्या बाजूने बोलते.

ॲपवरून आलेल्या दर शंभर रुपयांच्या विक्रीतून माझ्या हाती सत्तर-पंचाहत्तर रुपये पडतात. त्यातूनच डबे, गॅस, पगार आणि भाडे निघते. मागच्या पावसाळ्यात एका मुलाची गाडी कर्वे रस्त्यावरच्या पाण्यात बंद पडली, जेवण तासाभराने पोचले आणि एक तारा मात्र माझ्या नावावर लागला. मी तक्रार केली, तेव्हा ठरावीक मजकुराचे उत्तर आले. तो एक तारा आजही तिथेच आहे. हे दुखणे माझ्या एकटीचे नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. ऑनलाइन अभिप्राय कसे घ्यावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोने त्याच वर्षी आयएस १९००० हे मानकही आणले, परंतु ते ऐच्छिक ठेवले.

इतके असूनही मी धागाकर्त्यांच्या विरोधात आहे. नव्याने आलेल्या प्रत्येकाने सहा महिने ॲप बंद ठेवले, तर माझी दुपारची तीन ते सहाची चूल थंड पडेल. माझे दुकान आतल्या गल्लीत आहे, दर्शनी जागेचे भाडे मला परवडत नाही. गल्लीत नसलेल्या माणसाला मी दिसते ती तिथेच. माझी विनंती एवढीच आहे की, पहिल्यांदा ॲपवरून मागवा, आवडले तर दुसऱ्यांदा स्वतः या किंवा फोन करा. पिशवीत मी नंबराची चिठ्ठी घालते, ती टाकून देऊ नका.

आणि खानावळीचे नाव लिहीत नाही, हे वाक्य मला फार टोचले. गर्दी पेलेल की नाही, हे त्या मावशींना ठरवू द्या. नाव न घेऊन तुम्ही त्यांचे रक्षण करत आहात, असे तुम्हाला वाटते. महिनाअखेरीस भाडे भरताना त्यांना काय वाटते, ते तुम्ही विचारले आहे का?

सोलापूर ते हडपसर

रिक्षावाले जिथे जेवतात तिथे जेवावे, असा सल्ला मला पहिल्या आठवड्यात तिघांनी दिला. त्या भरवशावर मी महिनाभर जेवलो. रिक्षा उभी करायला जागा कुठे आहे, हे त्यावरून नेमके कळते. जेवणाबद्दल फारसे काही कळत नाही.

खराडीकर (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

वाकडच्या ताईंचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता, हे मान्य करतो. सहा महिन्यांची अट मी स्वतःच्या वेळापत्रकावरून आणि पुरुष म्हणून मिळणाऱ्या मोकळिकीवरून घातली होती. ती मागे घेतो. मात्र अभिप्राय आणि भाजीवाले काका यांत गुणात्मक फरक नाही, हे मला अजूनही पटत नाही. काकांनी चुकीचे ठिकाण सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी कोथिंबीर घेताना मी त्यांना तसे तोंडावर सांगितले असते, आणि याची त्यांना जाणीव होती. अभिप्राय लिहिणारी व्यक्ती मला पुन्हा भेटत नाही. शिवाय यादीत वर काय दिसावे, यासाठी पैसे मोजता येतात. भाजीच्या गाड्यावर ती सोय नाही.

सदाशिव पेठकरांनी दिलेला इतिहास वाचून याद्यांबद्दलचे माझे वाक्य उथळ होते, हे जाणवले. तरीही एक प्रश्न राहतो. खराडीहून टिळक रस्त्याला जाऊन यायला माझी संध्याकाळ जाते. त्यामुळे तुमच्या वडिलांना जे पेठेत मिळाले, ते मला माझ्याच गल्लीत उभे राहायला हवे, आणि ते उभे राहत असताना मी तिथे जेवायला हवे, एवढाच माझा आग्रह आहे.

कर्वेनगरच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून काल रात्री जेवण झाल्यावर मावशींनाच विचारले. त्या पोळपाट धूत होत्या. मी म्हटले, 'तुमच्याबद्दल लिहिलं तर चालेल का?' त्यांनी आधी विचारले, कुठे लिहिणार आणि कोण वाचणार. मी सांगितले. मग हात पुसत त्या थोडा वेळ बाहेरच्या बाकाकडे पाहत राहिल्या, जिथे तेव्हाही तीन मुले जागेची वाट पाहत बसली होती, आणि म्हणाल्या, 'सकायचं लिहा. संध्याकायचं नका लिहू.'

तेव्हा लिहितो. चंदननगरच्या भाजीबाजारामागील गल्लीत एक खानावळ सकाळी साडेसातला उघडते. पोहे आणि तर्री मिळते. साडेनऊपर्यंत चारही टेबले बहुधा रिकामी असतात. दुकानावर पाटी नाही. कोथिंबीर घेताना सांबार म्हणा, काका गल्ली दाखवतील.

वाकडची रात्रपाळी

माझी पाळी पहाटे साडेपाचला सुटते, म्हणजे ही वेळ मला सोयीची आहे. पुढच्या शनिवारी कंपनीच्या गाडीने न परतता थेट तिकडे येते. परतल्यावर दिवे, स्वच्छतागृह आणि वेळ यांसह अभिप्राय लिहीन, आणि तो फक्त सकाळचा असेल.