आधी टॅबलेट, मग कॅनव्हास: हाताला काय उरलं?

तैलरंगी:
हल्ली तरुण चित्रकारांच्या काही चित्रांपुढे मी अडखळतो. चित्र टॅबलेटवर पूर्ण झालेलं असतं, प्रोजेक्टरनं कॅनव्हासवर उतरवून फक्त भरलेलं. स्क्रीनवरचा रंग म्हणजे प्रकाश. लाल, हिरवा, निळा मिळाले की पांढरा होतो. ट्यूबमधले रंग मिसळत गेलं की मळतात. मग स्क्रीनवरचा तो झगझगीत मोरपंखी पॅलेटवर जमत नाही, म्हणून फ्लुरोसंट रंग थापायचा. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंगाच्या बोथट सुरीनं) रंग चढवत, काढत. त्या थरांतून येणारा उजेड आधी ठरवून आणता येत नाही.

पेन्सिलवाली:
साफ असहमत, सर. यंत्राचा विटाळ चित्रकारांनी कधी मानला? रविवर्मा फोटोंचा आधार घेत, आणि १८९४ साली त्यांनी मुंबईत ओलिओग्राफचा, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांचा, छापखाना काढला. जर्मन चित्रकार आल्बर्ट ओलेननं १९९०च्या दशकात लॅपटॉपवरच्या रेषा मोठ्या करून कॅनव्हासवर छापल्या. पिक्सेलमुळे रेषांना जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या. त्या न लपवता त्यानं त्यांच्यासोबत ब्रश चालवला. ती रेषा संगणकाशिवाय कुणाला सुचली असती?

तैलरंगी:
ओलेन मान्य. तिथे यंत्र अडलं आणि त्या अडण्यातूनच चित्र निघालं. माझं म्हणणं अनडूच्या, म्हणजे मारलेली रेघ बटण दाबून मागे घेण्याच्या, सवयीबद्दल आहे. कॅनव्हासवर कितीही खरवडा, खालचा डाग राहतो, आणि पुढचा फटकारा त्या डागाला विचारूनच मारावा लागतो. टॅबलेटवर डागच नाहीसा होतो.

रविवारचा चित्रकार:
दोन्ही एकत्र नांदतात की! ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं २०११ साली इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या वोल्डगेटचा वसंत ५१ आयपॅड-चित्रांत टिपला, आणि त्यांच्याच जोडीला ३२ कॅनव्हास जुळवून एक प्रचंड तैलचित्र केलं. उजेड भराभर बदलत असताना रंग वाळायची वाट कोण बघणार?

तैलरंगी:
हॉकनी आयपॅडच्या चित्राला आयपॅडचंच म्हणतो. जर्मन चित्रकार गेरहार्ट रिश्टरनंही १९९०चं स्वतःचं अमूर्त चित्र संगणकावर चिरत चिरत ४०९६ पट्ट्यांपर्यंत नेलं, पण ते छापील म्हणूनच ॲक्रिलिक काचेमागे लावलं. इथे मात्र प्रिंटवर चार फटकारे मारून ‘तैलचित्र’ म्हणून विकलेलं मी पाहिलंय. लेबलवर ‘प्रिंटवर तैलरंग’ एवढं तरी लिहा.

पेन्सिलवाली:
लेबलचं शंभर टक्के पटलं. पण टॅबलेटवर मी एका रात्रीत चाळीस रंगसंगती करून बघते. ट्यूबच्या आजच्या किमतीत कुठल्या विद्यार्थ्याला ते परवडेल, सांगा?