अनुभव धागा: बेसमेंटच्या खड्ड्यातली मोटर पावसात बंद पडू नये म्हणून तुम्ही काय करता?

रोहिणी लागल्या की नाशकात सगळे आभाळाकडे बघायला लागतात, पण ज्यांचं पार्किंग किंवा दुकान जमिनीखाली आहे त्यांनी आधी तळाच्या खड्ड्यात डोकावून बघावं असं मला मनापासून वाटतं. कॉलेज रोडला जुने बंगले पाडून बेसमेंटवाल्या बिल्डिंगा झाल्यात, तिथलं पाणी आपोआप कुठे जाणार? मोटर चालली तरच जाणार. कोणत्या कंपनीची घ्यावी ही चर्चा इथे नको, तुमच्याकडे नेमकं काय बिघडलं आणि मग काय बदललंत ते लिहा, बारीकसारीक सुद्धा.

आमचं सांगतो. मोटर नवीकोरी, वायरिंग ठीक, आणि तरी खड्डा भरून पाणी फरशीवर आलं. वायरमनने बॅटरी मारून दाखवलं, फ्लोटची, म्हणजे पाण्याबरोबर वर येऊन मोटर चालू करणाऱ्या तरंगत्या स्विचची, वायर पाइपामागे अडकलेली, त्यामुळे फ्लोट आडवाच पडून राहिला, वर आलाच नाही. खड्डा इतका अरुंद की त्याला हलायला जागाच नव्हती. आम्ही खड्डा रुंद करून घेतला, वायर आखूड करून क्लिपने बांधली, आणि आता वॉचमन काका अधूनमधून खड्ड्यात बादल्या ओतून मोटर आपोआप चालू होते का, आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होते का, दोन्ही बघतात. नुसतं बटण दाबून मोटर फिरली म्हणजे झालं असं नाही, त्यात फ्लोट तपासला जातच नाही.

इंदिरानगर
आमच्याकडे एनआरव्हीने, म्हणजे पाइपातलं पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हने, घोळ केला. मोटर पाणी वर टाकायची, बंद झाली की पाइपातलं सगळं पाणी परत खड्ड्यात, की फ्लोट परत वर, की मोटर परत चालू, रात्रभर हेच चाललं आणि सकाळी जळका वास. व्हॉल्व्ह खोलला तर झडपेत गुटख्याची पुडी. आता व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता खोलता येणारे जोड) लावलेत, दहा मिनिटांत खोलून साफ होतो. बसवताना त्यावरचा बाण वरच्या दिशेला आहे ना ते स्वतः बघा. अजून एक, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की पंपात आणि पाइपात हवा कोंडते, मग पहिल्या पावसात मोटर फिरते पण पाणी टाकत नाही. त्यासाठी आमच्या प्लंबरने एनआरव्हीच्या खाली पाइपाला ३ मिमीचं भोक पाडलं, त्यातून थोडं पाणी उडतं ते खड्ड्यातच पडतं.

सराफ बाजाराजवळ
आमचं दुकान खाली आहे त्यामुळे जरा वेगळं लिहिते. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरी फुगली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे येतं. अशा वेळी तुमच्या मोटरच्या पाइपाचं तोंड गटारात असेल तर गटारच तुमच्याकडे येणार. आम्ही पाइप वर घेऊन रस्त्याच्या पातळीच्या वर मोकळा सोडलाय. पण खरं सांगते, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला (नाशकात पुराची पातळी तिच्यावरूनच बघतात) पाणी लागायला लागलं की आम्ही मोटरच्या भरवशावर राहत नाही, माल वर नेतो. ही मोटर झिरप्याच्या आणि पावसाच्या पाण्यासाठी, नदीसाठी नाही. आणि कृपा करून मेन बोर्ड वरच्या मजल्यावर घ्या, साचलेल्या पाण्यात उतरून स्विच बंद करायला कोणी जाऊ नये, जीव जातो.

पाथर्डी फाटा
जोराचा पाऊस आणि लाईट जाणं एकत्रच येतं, हा मुद्दा कोणी लिहिला नाही अजून. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून बरेच जण म्हणतात घरचा इन्व्हर्टर ओढेल. पण मोटर सुरू होताना करंट काही पटीने जास्त खेचते, तिथेच इन्व्हर्टर ट्रिप होतो. आम्ही अर्ध्या एचपीची दुसरी छोटी मोटर थोडी वरच्या पातळीवर बसवली आणि तिच्यासाठी तिची सुरुवातीची ओढ धरून वेगळा इन्व्हर्टर घेतला. मोठी बंद पडली की पाणी चढतं आणि छोटी चालू होते. जनरेटर घेणार असाल तर तो उघड्यावरच ठेवा, बेसमेंटमध्ये अजिबात नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतो.

गंगापूर रोड
पाणी आत येतं किती ते पण बघा की. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. आमचा रॅम्प २० बाय ३० फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर, तासाभरात ५० मिमी पडला तर एकट्या रॅम्पवरून २८०० लिटर खाली येणार, शिवाय रस्त्यावरचं येतं ते वेगळंच. सोसायटीत दोन मीटिंगा यावरच झाल्या. शेवटी रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा केला, खाली आडवी चर काढून जाळी टाकली. मोटरचं चालणं निम्म्यावर आलं. जाळीवरची पानं मात्र रोज काढावी लागतात, गुलमोहर आहे दारात.

सिडको
मदत पाहिजे. खड्ड्यातली सबमर्सिबल नुसती हूंहूं करते, फिरत नाही. पाऊस कधीपण येईल.

इंदिरानगर
आधी मेन बंद करा, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जाईल. कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला असेल नाहीतर इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं पंख्यासारखं चाक) जाम असेल. कपॅसिटर बदलायचा तर जुन्यावर लिहिलेत तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या, आणि काम वायरमनकडूनच करा, बंद केल्यावरही त्यात करंट राहतो.

सिडको
कपॅसिटर बदलून पण तसंच होतं. मग खालची जाळी खोलली तर इम्पेलरला सुतळी गुंडाळलेली आणि सिमेंटचा गाळ घट्ट बसलेला, वर टाइल्सचं काम चालू आहे तिथलं पाणी सगळं खालीच येतं. साफ केल्यावर फिरली, आत्ता बादल्या ओतून बघितलं, पाणी टाकतेय. पण गाळ येतच राहणार, त्याला काय करायचं?

कॉलेज रोड
मोटर तळाला टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. आणि पाणी खड्ड्यात पडायच्या आधी शेजारी एक छोटा चेंबर बांधून घ्या, गाळ तिथेच बसतो आणि पाटीने काढता येतो. टाइल्सवाल्याला आजच सांगा, त्याचं पाणी ड्रममध्ये साठवून वरच्या वर बाहेर टाकायला.