लाट पुढे जाते, पाणी नव्हे

लाट म्हणजे पुढे सरकणारे पाणी आणि तेच ऊर्जा वाहून नेते, असे अनेकदा म्हटले जाते. त्यात एक दुरुस्ती आवश्यक वाटते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून, किनाऱ्यापासून जरा दूर तरंगणारा एखादा नारळ निरखून पाहावा. लाट आली की तो वर उचलला जाऊन किंचित पुढे येतो आणि ती सरली की खाली उतरत, मागे जात, जवळजवळ मूळ जागी परततो. पाण्याचे कण तिथल्या तिथे वर्तुळाकार फिरतात. पुढे जाते ती ऊर्जा. उथळ पाण्यात मात्र लाटेचा वेग मंदावतो, तिची उंची वाढत जाते आणि अखेर ती फुटते, तेव्हा पाणी खरोखरच पुढे फेकले जाते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील ऊर्जा साधारण चौपट होते, म्हणूनच पावसाळी भरतीत किनाऱ्यावरील टेट्रापॉडवर (चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर) होणारा आघात इतका प्रचंड असतो.

ताणलेल्या दोरीला झटका दिल्यास तिचे कण तरंगाच्या दिशेशी काटकोनात हलतात, तो अवतरंग. ध्वनीत हवेचे थर तरंगाच्याच दिशेत दाट-विरळ होतात, तो अनुतरंग. समुद्राच्या लाटेत या दोन्ही हालचाली एकत्र असतात, आणि शिकवताना नेमके हेच निसटते, असे मला वाटते. प्रकाशाला तर माध्यमही लागत नाही: सूर्याची ऊर्जा सुमारे १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून साधारण ८ मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचते.